बुधवारची गोल्फ लीग आणि कच्च्या लिंबाचं गणित

ओहायोला आल्यावर दुसऱ्याच वर्षी ऑफिसातल्या एकाने विचारलं, बुधवारी संध्याकाळी आमच्या गोल्फ लीगमध्ये एक माणूस कमी पडतोय, येतोस का. तोपर्यंत माझा गोल्फशी संबंध म्हणजे येरवड्याला गोल्फ क्लबच्या भिंतीवरून बाहेर डोकावणारी झाडं बघितलेली, आणि इथे येऊन रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चार-पाच बादल्या बॉल मारलेले, एवढाच. तरी गेलो. माझ्यासमोर साठी उलटलेले एक गृहस्थ होते, त्यांचा बॉल फार लांब जात नव्हता पण गेला की सरळच जायचा. दुसऱ्या होलवर (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून बॉल खळग्यात जाईपर्यंतचा एक टप्पा) त्यांचे पाच फटके झाले, माझेही कसेबसे पाच झाले, मी म्हटलं चला बरोबरी झाली, तर ते म्हणाले, नाही, हा होल तुझा. आणि स्कोर लिहायच्या कार्डावरचा पेनाने काढलेला एक छोटासा ठिपका दाखवला.

त्या ठिपक्यात अख्खी लीग आहे. तो ठिपका कुठून आला हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं, पण ते कळायला मला जवळजवळ अर्धा सीझन लागला, कारण लीगवाले सगळे वीस-वीस वर्षं खेळतायत आणि नवीन माणसाला यातलं काही माहीत नसेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. म्हणून हे लिहितोय. इकडे बरेच मराठी लोक आता अशा लीगमध्ये घुसतायत आणि पहिल्या दिवशी कार्ड हातात घेऊन माझ्यासारखेच गोंधळून उभे असतात.

आधी हे की लीग म्हणजे टीव्हीवरची टूर्नामेंट नव्हे. सोळा माणसं, दोघादोघांच्या आठ टीम, एक म्युनिसिपल कोर्स म्हणजे गोल्फचं मैदान, आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ, आणि अठराच्या ऐवजी नऊच होल. नऊ का, तर उजेडामुळे. लोक पाचला ऑफिसातून सुटणार, पहिला ग्रुप साडेपाचला निघणार, मग दर दहा मिनिटांनी पुढचा, शेवटचा सहाला, आणि चौघांना नऊ होल खेळायला सव्वादोन तास सहज लागतात. कोलंबसच्या आसपास जूनच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य रात्री ९ वाजून गेल्यावर मावळतो त्यामुळे तेव्हा काही घाई नसते, पण ऑगस्ट संपत आला की ८ च्या सुमारासच अंधारायला लागतं आणि शेवटच्या ग्रुपला नवव्या होलवर बॉल कुठे पडला हे बघायला डोळे ताणावे लागतात. म्हणून शेवटची वेळ दर आठवड्याला वेगवेगळ्या टीमना फिरून येते, नाहीतर एकाच्याच नशिबी कायम अंधार. काही मोठ्या लीग शॉटगन स्टार्ट करतात म्हणजे प्रत्येक ग्रुप वेगवेगळ्या होलवर उभा आणि सगळे एकदमच सुरू, पण त्यासाठी सगळे नऊ होल आपल्यालाच मोकळे मिळायला हवेत, ते छोट्या लीगला कोण देणार.

आता वेळापत्रक. आठ टीम, प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा खेळायचं म्हणजे सात आठवडे. हे जुळवायची एक सोपी युक्ती आहे जी आमचे सेक्रेटरी अजूनही कागदाच्या चिठ्ठ्यांनी करतात. आठ चिठ्ठ्या चार-चारच्या दोन ओळींत समोरासमोर मांडायच्या, समोरासमोरच्या टीम त्या आठवड्यात भिडणार. मग एका कोपऱ्यातली चिठ्ठी बोटाने दाबून ठेवायची आणि बाकीच्या सात पाळण्यासारख्या एक-एक घर सरकवायच्या. पहिली मांडणी धरून सहा वेळा सरकवलं की सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडलेली असते आणि एकही जोडी दोनदा येत नाही. करून बघा, मजा वाटते. टीमची संख्या विषम झाली तर एका चिठ्ठीवर सुट्टी लिहायची, ती ज्याच्या समोर येईल तो त्या आठवड्यात घरी.

सात आठवडे झाले की आठवा आठवडा पोझिशन नाइट. त्या दिवशी वेळापत्रक बाजूला आणि पॉइंट टेबलवर पहिला असेल तो दुसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी, असं खालपर्यंत. हा झाला पहिला हाफ. मग सगळ्यांचे पॉइंट शून्यावर आणून हेच सगळं परत. मला आधी हे विचित्र वाटायचं, कमावलेले पॉइंट पुसून काय टाकता, पण त्यामागे शहाणपण आहे. जूनमध्येच जी टीम तळाला गेली तिला जुलै-ऑगस्टमध्ये यायचा उत्साह राहत नाही, मग ती दांड्या मारायला लागते, आणि मग तिच्याविरुद्ध ज्यांची मॅच आहे त्यांनी काय रिकाम्या हवेशी खेळायचं? पाटी कोरी केली की सगळे परत येतात. शेवटी पहिल्या हाफचा विजेता आणि दुसऱ्या हाफचा विजेता यांची फायनल, आणि दोन्ही हाफ एकाच टीमने मारले तर फायनलची भानगडच नाही. दोन हाफ मिळून सोळा आठवडे, त्यात ४ जुलैचा आठवडा सुट्टी, पावसासाठी एक-दोन बुधवार राखीव, एक फायनलचा, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलेलं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आवरतं. यापेक्षा ताणलं तर उजेड पुरत नाही आणि मेच्या आधी सुरू केलं तर बोटं गारठतात.

हे झालं वेळेचं. खरी गंमत आहे ती माणसांची, कारण लीगमध्ये एक जण कॉलेजच्या टीममध्ये खेळलेला असतो आणि एक जण माझ्यासारखा असतो, आणि दोघांना एकमेकांशी खेळवायचं असतं आणि मॅच चुरशीची पण व्हायला हवी असते. लहानपणी आपण काय करायचो? धाकट्या भावाला खेळायला घ्यावंच लागायचं कारण आईने सांगितलेलं असायचं, मग तो कच्चं लिंबू. तो आउट झाला तरी आउट नाही. गोल्फमध्ये हेच कच्चं लिंबू आहे, फक्त इथे कोण किती कच्चा आहे ते आकड्यात मोजतात आणि त्याला हँडिकॅप म्हणतात. आणि एखादा सोडला तर इथे सगळेच थोडेथोडे कच्चे.

मोजतात कसं ते बघू. प्रत्येक होलला एक पार असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत बॉल आत घालावा, तीन, चार नाहीतर पाच. नऊ होलचा पार बहुतेक ठिकाणी ३६ येतो. समजा माझे शेवटचे पाच बुधवार असे गेले, ४७, ५०, ४५, ५२, ४६. बेरीज २४०, सरासरी ४८, म्हणजे मी पारच्या वर १२. आमची लीग त्याचे ८० टक्के घेते, ९.६, जवळचा आकडा १०. हा माझा हँडिकॅप. त्या साठीच्या गृहस्थांची सरासरी ४१, पारच्या वर ५, त्याचे ८० टक्के ४. दोघांतला फरक ६, म्हणजे मॅचमध्ये मला सहा फटके सूट.

इथे कोणीही विचारेल की ८० टक्केच का, पूर्ण १०० का नाही. नीट बघा, खरा फरक आमच्यात ७ चा होता, ८० टक्के केल्यावर तो ६ चा झाला. तो एक फटका चांगल्या खेळाडूच्या खिशात राहिला. म्हणजे दोघं आपापल्या सरासरीएवढंच खेळले तर चांगला खेळाडू जिंकणार, आणि मी जिंकायचं असेल तर मला माझ्या सरासरीपेक्षा जरा बरं खेळावं लागणार. काही लीग ९० टक्के घेतात, काही पूर्ण १००. यावरून दर वर्षी मार्चच्या मीटिंगमध्ये भांडण होतं आणि बाजू कोण कुठली घेतो हे त्याचा हँडिकॅप बघून आधीच सांगता येतं. माझं मत विचाराल तर ८० बरोबर आहे, आणि मी हे १० हँडिकॅपवाला असून म्हणतोय. वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणाऱ्याला त्याचं काहीतरी मिळायला नको का.

आता हा लीगचा घरगुती हँडिकॅप झाला. बाहेरच्या जगात अधिकृत हँडिकॅप वेगळा असतो आणि नवीन लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. २०२० पासून अमेरिकेची यूएसजीए आणि बाकी जगासाठी आर अँड ए, या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी मिळून एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आणली, त्याआधी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती चालू होत्या. त्यात तुमच्या शेवटच्या २० राउंडपैकी सगळ्यात चांगले ८ घेऊन त्यांची सरासरी काढतात, आणि कोर्स किती अवघड आहे तेही हिशोबात धरतात, त्यातून येतो तो तुमचा इंडेक्स. प्रत्येक कोर्सला स्लोप नावाचा एक आकडा असतो, ५५ ते १५५ मधला, ११३ म्हणजे मध्यम, आणि तुमच्या इंडेक्सला त्या दिवशीच्या कोर्सच्या स्लोपने गुणून ११३ ने भागायचं वगैरे. हे सगळं कशासाठी, तर ओहायोतला माणूस फ्लोरिडाला जाऊन तिथल्या माणसाशी खेळला तरी तुलना व्हावी म्हणून. आपली लीग दर बुधवारी त्याच कोर्सवर त्याच नऊ होलवर खेळते, त्यामुळे कोर्स अवघड असला तर सगळ्यांनाच सारखाच अवघड, आणि साध्या सरासरीवर काम भागतं. दुसरा फरक असा की २० पैकी चांगले ८ घेतल्यामुळे अधिकृत इंडेक्स म्हणजे तुम्ही चांगल्या दिवशी कसे खेळता ते, आणि लीगचा हँडिकॅप म्हणजे तुम्ही एरवी कसे खेळता ते. म्हणून माझा बाहेरचा इंडेक्स अमुक आहे मग लीगमध्ये तमुक कसा, हे भांडण करायला जाऊ नका, दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत.

सूट सहा फटक्यांची मिळाली, पण ती कुठे वापरायची? मनाला येईल तिथे नाही. कार्डावर प्रत्येक होलपुढे अवघडपणाचा एक नंबर छापलेला असतो, १ ते १८, आणि बहुतेक कोर्सवर पहिल्या नऊ होलना विषम नंबर आणि पुढच्या नऊला सम नंबर वाटलेले असतात. म्हणजे आमच्या नऊ होलवर नंबर आहेत १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५, १७. सहा फटके म्हणजे यातले सगळ्यात अवघड सहा होल, १ पासून ११ पर्यंतचे. हे नीट वाचा कारण पहिल्या वर्षी मी ६ पर्यंतचे नंबर शोधत बसलो, मला १, ३, ५ असे तीनच सापडले, आणि दोन आठवडे मी माझ्या हक्काचे तीन-तीन फटके सोडून दिले आणि समोरचा पण काही बोलला नाही. त्यानंतर सेक्रेटरी स्वतः घरूनच कार्डावर ठिपके काढून आणायला लागले. तो ठिपका म्हणजे या होलवर तुझ्या फटक्यांतून एक वजा.

आता पॉइंट. दर होलला दोन पॉइंट, जिंकलात तर दोन्ही तुमचे, बरोबरी झाली तर एक-एक. नऊ होलचे अठरा, आणि शेवटी ज्याचा एकूण नेट स्कोर कमी, म्हणजे हँडिकॅप वजा करून, त्याला आणखी दोन. एका जोडीचे वीस. प्रत्येक टीममधला जरा बरा खेळाडू समोरच्या बऱ्याशी खेळतो आणि जरा कच्चा कच्च्याशी, दोन जोड्या मिळून रात्रीचे चाळीस. मग मी १० हँडिकॅपवाला त्या ४ वाल्यासमोर कसा आलो, तर त्या रात्री आमच्या टीमचा बरा खेळाडू मीच होतो, यावरून आमच्या टीमची कल्पना यावी.

त्याच गृहस्थांशी पुढे झालेली एक मॅच सांगतो म्हणजे हे डोक्यात बसेल. माझे ४९ झाले, त्यांचे ४२. मी ठिपक्यांच्या मदतीने चार होल जिंकले, दोन बरोबरीत सुटले, तीन हरलो. चार जिंकल्याचे आठ आणि दोन बरोबरीचे दोन, माझे दहा. त्यांचे तीन होलचे सहा आणि बरोबरीचे दोन, आठ. आता एकूण नेट, माझं ४९ वजा १० म्हणजे ३९, त्यांचं ४२ वजा ४ म्हणजे ३८. शेवटचे दोन पॉइंट त्यांना, मॅच दहा-दहा. आता बघा, मी जास्त होल जिंकूनही नेटमध्ये एकने मागे कसा पडलो, तर एका पार पाचच्या होलवर मी दोन बॉल तळ्यात घातले आणि नऊ फटके मारले, त्यांचे पाच. ठिपका धरूनसुद्धा तिथे तीन फटक्यांनी हरलो. पण होलच्या हिशोबात ते नऊ फटके म्हणजे एकच होल गेला, दोन पॉइंट, बस.

मला ही पद्धत म्हणूनच आवडते. नुसते एकूण फटके मोजले असते तर त्या तळ्यापाशीच माझी संध्याकाळ संपली होती आणि पुढचे होल मी नुसता पाय ओढत चाललो असतो. हाच विचार इंग्लंडमध्ये फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या एका डॉक्टरने केला होता. १९३२ साली वॉलसी गोल्फ क्लबमध्ये त्याच्या पद्धतीची पहिली स्पर्धा झाली, आणि आज बऱ्याच लीग तीच वापरतात. त्यात समोरासमोर भिडायचं नसतं, प्रत्येकाला आपापल्या नेट स्कोरवर पॉइंट, पारला दोन, एक जास्त झाला म्हणजे बोगीला एक, एक कमी म्हणजे बर्डीला तीन, दोन कमी म्हणजे ईगलला चार, आणि पारपेक्षा दोन किंवा अधिक फटके जास्त झाले की शून्य. शून्याच्या खाली काही नाही, त्यामुळे होल बिघडला की बॉल उचलायचा आणि पुढे चालायचं, मागच्या ग्रुपचाही वेळ वाचतो. ज्या लीगमध्ये माणसं अनियमित येतात तिथे हे जास्त सोयीचं, कारण समोर कोणी असलं-नसलं तरी तुमचे पॉइंट तुमचे.

आमच्याकडे मात्र समोर कोणीतरी लागतं, आणि माणसं तर दांडी मारणारच, मुलांचे रिसायटल असतात, इंडियाचा प्रवास असतो. पहिला उपाय सब, म्हणजे बदली भिडू, मी असाच आलो होतो. सबला स्वतःचा हँडिकॅप लावतात आणि तो नसेल तर सेक्रेटरी रेंजवर दोन फटके बघून अंदाजपंचे देतात. सबही नाही मिळाला तर ब्लाइंड. ब्लाइंड म्हणजे भूत समजा, गैरहजर माणूस त्याच्या हँडिकॅपपेक्षा थोडं वाईट खेळला असं धरून कागदावरच त्याचा स्कोर मांडतात. थोडं वाईट एवढ्यासाठी की घरी बसून मॅच जिंकता येऊ नये. तरी एखाद्या घाण दिवशी मी भुताकडून हरलोय, आणि त्यावर आमच्या टीममध्ये अजून बोलणी खातो.

जिथे कच्च्या लिंबाला सूट आहे तिथे मुद्दाम कच्चं राहणाराही असतोच. त्याला इकडे सँडबॅगर म्हणतात. नेहमीच्या बुधवारी शेवटच्या दोन होलवर सोपे पट, म्हणजे खळग्याजवळचे हलके फटके, सोडून हँडिकॅप फुगवायचा आणि पोझिशन नाइटला अचानक अंगात आल्यासारखं खेळायचं. यावर लीग दोन-तीन बंदोबस्त करतात. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगला स्कोर काढून टाकून मधल्यांची सरासरी घेतात, किंवा शेवटच्या सहातले चांगले चारच धरतात, म्हणजे मुद्दाम वाईट खेळून उपयोग नाही. आणि एका होलवर जास्तीत जास्त किती फटके लिहायचे यालाही मर्यादा, आमच्याकडे पारच्या दुप्पट, मग बॉल उचला. २०१९ च्या गोल्फच्या नियमांत अशी मर्यादा घालून खेळायला अधिकृत मान्यताच मिळाली. पण खरं सांगू का, सँडबॅगरवर सगळ्यात जालीम उपाय म्हणजे मॅच झाल्यावर बाकीचे पंधरा जण टेबलावर त्याच्याकडे बघून काय बोलतात तो.

बाकीचे नियम गल्ली क्रिकेटसारखे. आपल्याकडे कसं, जोशांच्या गॅलरीत गेला की आउट, तसं इथे बॉल होलच्या इतका जवळ असेल की पटरच्या, म्हणजे पट मारायच्या काठीच्या, दांड्याचा रबरी ग्रिपच्या खालचा भाग पुरतो, तर तो आत गेला असं समजायचं. हरवलेला बॉल तीन मिनिटंच शोधायचा, आधी पाच होती, २०१९ मध्ये तीन केली. नाही सापडला तर मूळ नियमाने मागे जाऊन परत मारायला हवं, पण त्यात मागचा ग्रुप खोळंबतो, म्हणून दोन फटके दंड घेऊन तिथेच जवळ बॉल टाकायचा, ही मुभाही आता नियमातच स्थानिक नियम म्हणून आहे. आकाशात वीज असल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की मात्र पॉइंट वगैरे विसरून सगळे आत, यात कुठल्याच लीगचा वेगळा नियम नाही.

पैशाचं थोडक्यात. कोर्सची फी दर आठवड्याला ज्याची त्याने भरायची, आणि सीझनच्या सुरुवातीला सगळ्यांनी वर्गणी काढायची, ती सेक्रेटरीकडे. त्यातून शेवटची बक्षिसं आणि जेवण. याशिवाय ज्यांना हौस आहे त्यांची स्किन्स नावाची छोटी भिशी दर बुधवारी वेगळी चालते. ज्या होलवर एकट्याचाच सगळ्यात कमी स्कोर, तो होल त्याचा. दोघांचा सारखा आला तर कोणाचाच नाही, त्या होलचे पैसे पुढच्या होलवर चढतात, त्यामुळे कधीकधी आठव्या-नवव्या होलवर पाच-सहा होलचा गल्ला साठलेला असतो आणि सगळे एकदम गप्प होऊन पट मारतात. मी तीन वर्षांत एकदा जिंकलोय, तेही ठिपका धरून.

फायनलच्या दिवशी बाकीच्या सहा जोड्यांनी नुसतं बघत बसायचं का, म्हणून फायनलवाले चौघे सोडून उरलेल्या सगळ्यांचा स्क्रँबल असतो. टीममधल्या सगळ्यांनी मारायचं, ज्याचा बॉल सगळ्यात चांगला पडला तिथून परत सगळ्यांनी मारायचं, असं करत होल संपवायचा. यात हँडिकॅपचं फार बघत नाहीत. मागच्या सप्टेंबरला आमच्या चौघांच्या ग्रुपने पहिल्या होलवर चक्क माझा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, घेतला, मग दुसऱ्या होलपासून नवव्यापर्यंत एकदाही घेतला नाही.